नॉर्मलचा शिक्का

"ह्यो शिक्का कुणी मारला?"

दारात एक म्हातारी उभी होती. नऊवारी लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, हातात चार घड्या घातलेला कागद. मी परीक्षानळी धुवत होते, ती तशीच हातात राहिली. आमच्या खात्यात पेशंट कधी येत नसत. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरचा औषधशास्त्र विभाग म्हणजे व्याख्यानाला येणारी मुलं, सशांचे पिंजरे आणि वॉर्डातून ट्रेमध्ये येणाऱ्या रक्ताच्या बाटल्या. त्या बाटल्यांवर नंबर असायचे. नंबरांना पाय असतात आणि ते जिना चढून वर येतात, हे मला चौतीस वर्षांची होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

"कुठला शिक्का, मावशी?"

तिनं कागद टेबलावर आपटला. माझाच रिपोर्ट होता. फिटांवरच्या औषधाची रक्तातली पातळी मोजायचं काम माझ्याकडे असायचं. आकडा दहा ते वीसच्या मधे आला की समोर 'नॉर्मल' लिहायचं. दिवसाला पंधरा-वीस वेळा तोच शब्द लिहून कंटाळा आला, म्हणून मी पदरचे पैसे घालून रबरी शिक्का करवून घेतला होता, जांभळ्या शाईचा. खात्यात कौतुक झालं होतं माझं. या कागदावर आकडा होता तेरा आणि शेजारी तो शिक्का, अगदी सरळ, सुबक.

"मी मारला," म्हटलं.

"मंग तुमीच सांगा आता. माझी सून पितीया व्हय?"

मला काही कळेना. तेवढ्यात तिच्या मागून एक बाई आत आली. आली म्हणजे भिंत धरत आली. तिशी-बत्तिशीची, चापूनचोपून नेसलेली पाचवारी, खांद्याला पर्स. पायांत अंतर ठेवून, होडीत उभं राहावं तशी चालत होती. स्टुलावर बसताना तिनं आधी स्टूल हातानं चाचपलं.

"मी रत्नप्रभा म्हेत्रे," ती म्हणाली. शब्द जिभेला चिकटून येत होते. "हिंगणवाडीच्या शाळेत शिक्षिका आहे. आत्तींचं मनावर घेऊ नका."

"घ्या की मनावर," सासू म्हणाली. तिचं नाव आनसाबाई. "कुनीतरी घ्यायलाच पायजे."

मग मला सगळं कळलं, तेही आनसाबाईंकडूनच, कारण रत्नप्रभाबाईंना चार शब्दांनंतर थांबावं लागत होतं. नवरा भिवंडीला यंत्रमागावर कामाला, घरात या दोघीच. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन. बाई मुलींची कवायत घेत होत्या. 'सावधान' म्हणताना जीभ वळली, दोन पावलं पुढं गेल्या आणि अख्ख्या गावासमोर सरपंचांच्या अंगावर जाऊन पडल्या. मुख्याध्यापकांनी त्याच दुपारी वर कळवलं की बाई दारू पिऊन झेंडावंदनाला आल्या. निलंबन झालं. आता शुक्रवारी तालुक्याला पंचायत समितीत चौकशी. आणि आज मंगळवार.

"औषधानं असं हुतंय का, ते दवाखान्याकडनं लिवून आना म्हनले," आनसाबाईंनी दुसरा कागद काढला. "म्हनून मोठ्या डॉक्टरांकडं ग्येलो. त्यांनी ह्ये लिवून दिलं."

आमच्या मेडिसिनच्या प्रमुखांचं, डॉ. प्रभुदेसाईंचं पत्र होतं. दोनच ओळी. 'रुग्णाची औषधाची रक्तातील पातळी नॉर्मल आहे. सबब सदर लक्षणे औषधामुळे नाहीत.'

खाली सही. त्याच्या पुढचं वाक्य त्यांनी लिहिलं नव्हतं. औषधामुळं नाही, तर मग कशामुळं, ते लिहायची गरजच नव्हती. ते हिंगणवाडीनं आधीच लिहून ठेवलं होतं.

मी रत्नप्रभाबाईंना म्हटलं, "माझ्या बोटाकडे बघा." बोट उजवीकडे नेलं. त्यांची बुबुळं बोटाबरोबर कडेला गेली आणि तिथं लटलट हलायला लागली. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. झालेली टेक्निशियन. पण अकरा वर्षं त्या खात्यात काढली होती आणि फिटांवरचं हे औषध, फेनिटोइन, जास्त झालं की डोळे कसे नाचतात हे शंभर वेळा ऐकलं होतं.

"गोळ्या कुठल्या घेता?"

त्यांनी पर्समधून दोन डब्या काढल्या. एक फेनिटोइन, गेली कित्येक वर्षं चालू. दुसरी व्हॅल्प्रोएट, तीही फिटांवरचीच.

"ही दुसरी कधीपासून?"

"दिवाळीनंतर. मध्ये दोनदा फिट आली... म्हणून डॉक्टरांनी वाढवून दिली. सकाळी उठल्या उठल्या दोन."

"आणि हे चालताना झोक जाणं?"

"दिवाळीनंतरच."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. सांगते का ते. शेजारच्याच खोलीत आमचा एम.डी.चा विद्यार्थी गेलं वर्षभर नेमका हाच प्रयोग करत होता आणि त्याची सगळी हमाली मी करत होते. औषध रक्तात गेलं की ते सगळंच्या सगळं कामाला लागत नाही. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, त्याला ते चिकटून बसतं. फेनिटोइनचे दहातले नऊ भाग असे चिकटलेले. ते निरुपद्रवी. सुटा राहतो तो एक भाग, आणि मेंदूपर्यंत पोचतो तो तेवढाच. आता त्याच प्रथिनावर जागा मागणारं दुसरं औषध आलं, की ते पहिल्याला हुसकावून लावतं. पहिलं सुटं होतं. वर या व्हॅल्प्रोएटची आणखी एक खोड अशी की ते सुट्या झालेल्याला शरीराबाहेरही लवकर जाऊ देत नाही. आणि आमचं यंत्र मोजतं चिकटलेलं अधिक सुटं, अशी बेरीज. बेरीज तेराच राहते. नॉर्मल!

हे मला माहीत होतं. डॉ. प्रभुदेसाईंना माहीत होतं. तिसऱ्या वर्षाच्या कुठल्याही पोराला माहीत होतं. आणि तरी त्या बाईच्या हातात दारूडी ठरवणारा कागद होता.

मी आनसाबाईंना जमेल तसं समजावलं. वाटलं होतं, डोक्यावरून जाईल. म्हातारीनं डोळे बारीक करून ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे दावनीची जनावरं न् सुटल्याली जनावरं. तुमी नुसती शेपटं मोजली. धा हायती म्हनला, बराबर हाय म्हनला. पर नवं जनावर आनून दावनीला बांदलं तवा जुनं मोकळं झालं, त्ये कुनाच्या रानात शिरलं ह्ये काय बगितलं न्हाई."

इतकं स्वच्छ मी कुणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं, प्राध्यापकांच्याही नाही.

"सुटलेली मोजता येतात का?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"येतात," मी म्हटलं. "हात पुढं करा."

वीस मिली रक्त काढून घेतलं आणि विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. डॉ. नेर्लेकर सज्जन माणूस. दर ऑगस्टला हाच धडा शिकवायचे. फळ्यावर एक मोठा गोल, त्याला चिकटलेले पिवळ्या खडूचे ठिपके, मग निळ्या खडूचे ठिपके येऊन पिवळ्यांना हाकलतात. परीक्षेत दहा मार्कांना हमखास. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"क्लासिक केस आहे," म्हणाले.

"मग सर, तुम्ही प्रभुदेसाई सरांशी बोला. ते पत्र मागं घ्यायला लावा."

"मगदूम बाई, आपण शिकवणारी माणसं. पेशंट त्यांचा."

"पेशंट वर आलीय सर, जिना चढून. भिंतीला धरून."

ते टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "पिशवी लावा तुम्ही. माझी ना नाही. फक्त आपल्या लेटरहेडवर काही लिहू नका."

दहा मार्कांचा प्रश्न! मुलांनी एक ठिपका चुकवला तर अर्धा मार्क कापणारा हा माणूस. आणि समोर हाडामांसाची बाई आली तेव्हा ते लेटरहेड जपत बसले.

पिशवी म्हणजे सेलोफेनची नळी. उकळून मऊ करायची, खालून दोऱ्यानं गाठ मारायची, आत रक्तातला पिवळा द्रव भरायचा, वरून गाठ. ती बाटलीतल्या क्षाराच्या पाण्यात सोडून अंगाइतक्या कोमट पाण्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची. प्रथिन मोठं असतं, ते पिशवीत अडकून पडतं. सुटं औषध तेवढं पातळ कागदातून बाहेर झिरपतं. मी दोन पिशव्या लावल्या. एक रत्नप्रभाबाईंच्या रक्ताची. दुसरी माझ्या रक्ताची, त्यात बाहेरून मोजून तेराच फेनिटोइन घातलेलं. बुधवारी सकाळी पाण्याबाहेर काढल्या. तीन-तीनदा मोजलं.

माझ्या पिशवीत सुटं निघालं एक पूर्णांक तीन. असायला हवं तेवढंच. त्यांच्या पिशवीत निघालं तीन पूर्णांक एक. दोनच्या वर गेलं की माणूस झोकांड्या खातो.

आकड्यांचा कागद घेऊन मी मेडिसिनच्या ओपीडीत गेले. डॉ. प्रभुदेसाईंच्या भोवती सात-आठ विद्यार्थी उभे होते. मी कागद पुढं ठेवला आणि एका दमात सांगितलं. त्यांनी कागद वाचला. हुशार माणूस, त्यांना दुसऱ्यांदा वाचावा लागला नाही.

"केसपेपर आणा त्यांचा," ते एका मुलाला म्हणाले. केसपेपरवर त्यांनी व्हॅल्प्रोएटवर काट मारली. "बंद करा म्हणावं आजपासून. पहिली आहे तशीच चालू." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "थँक यू."

मी तिथंच उभी.

"आणखी काही?"

"सर, ते पत्र. शुक्रवारी चौकशी आहे. तुम्ही लिहिलंय, लक्षणं औषधामुळं नाहीत."

"तुमच्याच खात्याचा रिपोर्ट होता, बाई. तेरा. नॉर्मल. शिक्का तुमचाच ना? मी त्याच्यावरच लिहिलं."

"हो सर. माझाच. म्हणून तर..."

"हे जे तुम्ही पिशवीत केलंय, ते संशोधन झालं. मान्यताप्राप्त टेस्ट नाही. उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू, सेलोफेन?" मुलं हसली. "पेशंट बरी होईल. आपलं काम झालं. त्यांच्या नोकरीच्या भानगडीत हॉस्पिटल पडत नसतं."

आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आजही हे आठवलं की माझं डोकं तडकतं. त्यांनी नाकारलं असतं तर मी समजू शकले असते. 'तुमचा प्रयोग खोटा' म्हणाले असते तर भांडले असते. पण त्यांनी माझा कागद खरा मानला! खरा मानून त्याच पेनानं गोळीवर काट मारली. औषधापुरतं ते खरं होतं आणि बाईच्या अब्रूपुरतं संशोधन होतं. पेनला टोपण घालायच्या आधी आणखी दोन ओळी लिहायला त्यांना मिनिटसुद्धा लागलं नसतं.

मी सासू-सुनेला दुसरी गोळी बंद करायचा निरोप दिला आणि शुक्रवारची किरकोळ रजा टाकली.

पंचायत समितीत शिक्षण विभागाची एक लांबट खोली. विस्तार अधिकारी गोंजारी साहेब, त्यांचा एक लिपिक, मुख्याध्यापक सावर्डेकर सर आणि पंच म्हणून आणलेले शेजारच्या गावचे एक निवृत्त गुरुजी. समोर आम्ही तिघी. मला आत बसू द्यायला लिपिक तयार नव्हता. आनसाबाई म्हणाल्या, "ह्यांच्या शिक्क्यावर हिला बडवायला निगालाय न्हवं? मंग शिक्केवालीला भाईर का बशिवता?" मग बसू दिलं.

गंमत अशी की रत्नप्रभाबाई आज सरळ चालत आल्या होत्या. दोन दिवस व्हॅल्प्रोएट बंद. जीभ मोकळी, पावलं नीट. मला इतका आनंद झाला त्यांना तसं येताना बघून. तो पाचच मिनिटं टिकला.

"साहेब, आपणच बघा," सावर्डेकर सर म्हणाले. "आज बाई कशा व्यवस्थित आहेत. चौकशी आहे म्हणून घेतलेली नाही. घेतली नाही की नीट असतात. यात सगळं आलं."

बरी झाली, तर बरी होणं हाच पुरावा! मी बोलायला उठले. पिशवीचा कागद दिला, तीन पूर्णांक एक काय आणि एक पूर्णांक तीन काय ते सांगितलं. गोंजारी साहेबांनी कागद उलटसुलट केला.

"यावर डॉक्टरांची सही नाही."

"नाही."

"हॉस्पिटलचं नाव नाही. आणि हा दुसरा, यावर शिक्का आहे, नॉर्मल. हाही तुमचाच?"

"हो."

"मग बाई, तुमचा कुठला कागद धरायचा आम्ही?"

सावर्डेकर सर गालात हसले. तो माणूस काही दुष्ट नव्हता, हे मला नंतर पटलं. त्यांना मनापासून वाटत होतं की बाई पितात. एकदा तसं वाटलं की मग जे दिसेल ते त्याच्यातच बसतं. लिपिकानं त्यांचा अहवाल वाचून दाखवला. 'सदर शिक्षिकेच्या तोंडास दारूचा उग्र दर्प येत होता.'

"सर," रत्नप्रभाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "तुम्ही झेंड्याच्या दोरीपाशी होता. मी पडले ते पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, पाहुण्यांच्या खुर्च्यांपाशी. दर्प तिथपर्यंत आला?"

"लोक सांगत होते."

"लोक." त्यांनी मान हलवली. मग साहेबांकडं वळल्या. "साहेब, मला फिट येतात. सोळाव्या वर्षापासून. शाळेत कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आयांनी पोरी माझ्या वर्गात बसवल्या नसत्या. घरी फक्त आत्तींना ठाऊक. आज इथं सगळ्यांसमोर सांगितलं, ते परत घेता येणार नाही. एवढं केल्यावर तरी माझं ऐका."

आनसाबाई जमिनीकडं बघत होत्या. लिपिकाचं पेन थांबलं होतं.

रत्नप्रभाबाईंनी पर्समधून व्हॅल्प्रोएटची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. "झेंडावंदनाच्या दिवशी उपाशीपोटी यातल्या दोन घेतल्या होत्या. आजही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. आता तुमच्यासमोर दोन घेते. याच खोलीत, याच खुर्चीवर बसते. तुम्ही चौघं समोर बसा. दार उघडं ठेवा. बाहेर जाणार नाही, काही खाणार नाही. मग काय होतं ते बघा."

गोंजारी साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, तुम्ही त्यातल्या आहात. धोका आहे का?"

तिथं मी 'आहे' म्हणायला हवं होतं. फेनिटोइन तिच्या रक्तात होतंच, दावणीला बांधलेलं. दोन गोळ्यांनी ते पुन्हा सुटणार होतं. किती सुटेल, ती पडेल, ओकेल, आणखी काय होईल, मला सांगता येत नव्हतं. जवळ डॉक्टर नव्हता. पण मला ते चार चेहरे दिसत होते, आणि प्रभुदेसाईंचा पाचवा. त्यांना एकदा तरी डोळ्यांनी बघायला लागावं, असं इतकं आतून वाटलं की मी म्हटलं, "जिवाला नाही."

साहेबांच्याच तांब्यातलं पाणी घेऊन त्यांनी दोन गोळ्या गिळल्या. माझ्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पर्समधून वही काढून तेवढं टिपलं.

पहिला तास काहीच झालं नाही. साहेबांनी दुसऱ्या फायली चाळल्या. सावर्डेकर सरांनी दोनदा घसा खाकरला. निवृत्त गुरुजींना डुलकी लागली. रत्नप्रभाबाई ताठ बसून होत्या. आनसाबाईंनी एकदा "पानी?" विचारलं, त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

सव्वाबाराला त्या भिंतीवरच्या तक्त्याकडं बघायला लागल्या आणि एक डोळा मिटून घेतला. "दोन-दोन दिसतंय," म्हणाल्या. मी टिपलं. पाऊण वाजता बुबुळं हलायला लागली. साहेबांनी फाईल मिटली.

"बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा," ते म्हणाले.

"रत्नप्रभा... दिगंबर..." जीभ आडवी झाली. "म्हे... म्हेत्रे."

गुरुजींची झोप उडाली होती. लिपिक लिहायचं विसरून बघत होता. एक वाजून पाच मिनिटांनी त्या उठल्या. टेबलाची कड धरली, सोडली. पाय फाकलेले, हात पसरलेले. माझ्या टेबलाशी आल्या होत्या त्याहून वाईट. एक पाऊल डावीकडं गेलं, दुसरं कुठं ठेवावं कळेना.

"पुरे, पुरे," साहेब उभे राहिले. "बसवा बाईंना. दिसलं आम्हाला."

त्या बसल्या नाहीत. टेबलाला वळसा घालून निघाल्या, कपाटाला आपटल्या, सावरल्या, आणि सावर्डेकर सरांच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या जवळ की सर मागं सरकले. त्यांच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात टेकून त्या वाकल्या.

"आता... घ्या, सर. वास... घ्या."

सरांनी तोंड फिरवलं.

"घ्या ना, सर," गोंजारी साहेब म्हणाले. आवाज बदलला होता त्यांचा. "अहवालात तुम्हीच लिहिलंय. घ्या, आणि काय येतोय ते सांगा. लिपिक लिहून घेतील."

शेवटी सरांनी मान वळवली, नाक वर केलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "नाही येत."

"मोठ्यानं."

"काही वास येत नाही."

लिपिकानं लिहिलं. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. कुणीतरी त्या वाक्याची प्रत काढून प्रभुदेसाईंच्या टेबलावर, काचेखाली ठेवायला हवी होती. मी घड्याळात बघितलं आणि वेळ टिपली, एक वाजून अकरा मिनिटं. तेवढ्यात धाडकन आवाज आला. रत्नप्रभाबाईंचे हात खुर्चीवरून सुटले होते. फरशीवर कुशीवर पडल्या आणि कोरडे उमासे यायला लागले. पोटात काही नव्हतंच.

आनसाबाई माझ्या आधी पोचल्या. सुनेचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तोंड पुसलं. मी वही तशीच उघडी धरून धावले, नाडी बघायला वाकले, तर म्हातारीनं माझा हात मनगटापाशी धरून बाजूला केला. जोरानं नाही. ताट बाजूला सारावं तसा.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "माझी पोर पडत हुती, आन् तुमी घड्याळ बगत हुता."

खरंच होतं ते. तो लिपिकसुद्धा मघाशी निदान लिहायचं विसरला होता.

पंधरा दिवसांनी आदेश आला, आरोप सिद्ध होत नाही, शिक्षिकेस सन्मानानं रुजू करून घ्यावं. सावर्डेकर सरांची बदली झाली. रत्नप्रभाबाईंनी शाळेच्या पत्त्यावरून मला एक कार्ड पाठवलं, दोन ओळींचं, आभाराचं. अक्षर सरळ होतं. आनसाबाईंचा त्यात नमस्कारही नव्हता.

डॉ. नेर्लेकरांच्या कानावर हे कसं आलं कोण जाणे. ऑगस्टमध्ये, तो धडा घ्यायच्या आदल्या दिवशी, ते माझ्या टेबलाशी आले. "मगदूम बाई, ती तुमची वही द्या ना. वेळा टिपलेल्या आहेत म्हणे. मुलांना ऐकवली तर विषय पक्का डोक्यात बसेल."

"फाडून टाकली, सर," मी म्हटलं.

फाडलेली नव्हती. पण त्या वेळा कुणाला वाचून दाखवायची माझी छाती झाली नाही, अजूनही होत नाही.